मधलं नाव

“नवऱ्याचं नाव?” मी विचारलं.

पलीकडे एकदम शांत. नायजेरियाची लाइन अधूनमधून अशी मरायची, म्हणून मी सवयीने दोनदा “हॅलो, मॅडम” केलं. खालच्या पिठाच्या गिरणीत कुणाची तरी ज्वारी पडली आणि आमचं टेबल थरथरायला लागलं.

“उबोंग,” आवाज आला. “पण ते कशाला लागतं?”

“फॉर्मला लागतं,” मी म्हणालो. टाइप केलं आणि पुढच्या रकान्यावर गेलो.

ही दोन हजार पंधरा सालच्या मे महिन्यातली गोष्ट. मी तेवीस वर्षांचा होतो. सांगलीत विश्रामबागला गिरणीच्या वरच्या मजल्यावर बसून नायजेरियातल्या लोकांना कॅनडात कसं जावं आणि तिथं कसं टिकावं याचा सल्ला द्यायचो. माझ्याकडे पासपोर्ट नव्हता. मी तोवर बेळगावच्या पलीकडे गेलो नव्हतो, आणि बेळगावलाही मामाच्या लग्नापुरता गेलो होतो.

आमचे मालक शिधये सर. पुण्यात बी.फार्म. करताना त्यांच्या खोलीवर एक नायजेरियन मुलगा राहायचा. तो शिकून परत गेला आणि तिकडून गिऱ्हाइकं धाडायला लागला. सरांनी इकडे ‘नॉर्थ स्टार ओव्हरसीज’ अशी पाटी लावली. वेबसाइटवर टोरंटोतल्या एका उंच इमारतीचा फोटो होता. “आपण टोरंटोत आहोत असं आपण कुठंही म्हटलेलं नाही,” सर म्हणायचे. “फोटो आवडला म्हणून लावलाय.” माझं आडनाव मगदूम. ते ऐकून सर पहिल्याच दिवशी खूश झाले. म्हणाले, बदलायची गरजच नाही, स्कॉटिश वाटतं. तेव्हापासून मी फोनवर मिस्टर मॅग्डम.

ऑफिसात तिसऱ्या रोहिणीताई आवटी. कागदपत्रं त्यांच्याकडे. गळ्यात मंगळसूत्र, हातात स्टेपलर, आणि बोलणं मोजकं. नोटरीचा शिक्का खरा की खोटा हे त्या वास घेऊन सांगत, अशी माझी समजूत होती. सरांचीही होती.

तर, इदोंगेसित एफिओंग. वय चौतीस, उयो नावाच्या शहरात सरकारी इस्पितळात नर्स. कॅनडातल्या एका कॉलेजने तिला नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणाला प्रवेश दिला होता. व्हिसा तेवढा राहिला होता, आणि तो सप्टेंबरच्या आत यायला हवा होता. तिच्याकडे प्रश्नांची एक वही होती. ती इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून फोन करायची, कारण नेटवर्क फक्त जिन्यात होतं, आणि वहीतले प्रश्न एकेक करून विचारायची.

“मिस्टर मॅग्डम, बर्फात धुतलेले कपडे वाळतात का?”

“हळूहळू वाळतात.”

“थंडी नक्की कशी असते?”

मी महाबळेश्वरची सहल आठवली आणि तिला चाराने गुणलं. “कान दुखतात,” मी म्हणालो. “पहिला आठवडा कान सांभाळा.”

“कान,” ती म्हणाली. पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला. ती माझं लिहून घेत होती. मला तेव्हा मजा वाटली होती, खरं आहे ते सांगतो.

जूनमध्ये फॉर्म गेला. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, उत्तर आलं.

ते रोहिणीताईंनी आधी वाचलं. मग त्यांनी स्टेपलर खाली ठेवला. त्या स्टेपलर कधी खाली ठेवत नसत, त्यामुळे सरही खुर्चीतून उठले.

“शीतल,” त्या मला म्हणाल्या. (आमच्या भागात जैनांमध्ये शीतल हे पोराचं नाव असतं. बाकी महाराष्ट्राला हे पटवण्यात माझी निम्मी जवानी गेली.) “हिच्या फॉर्ममध्ये नाव काय टाकलंयस?”

“इदोंगेसित उबोंग एफिओंग.”

“पासपोर्टवर काय आहे?”

मी पासपोर्टची प्रत काढली. इदोंगेसित एफिओंग. डिग्रीवर तेच, नर्सिंगच्या नोंदणीवर तेच, जन्मदाखल्यावर तेच. मधे कुणीही नव्हतं.

“मग हा उबोंग कुठून आणलास?”

“नवरा आहे तिचा.”

“तिच्या नावात काय करतोय?”

मला खरोखर प्रश्नच कळला नाही. स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. बाईचं लग्न झालं असेल तर बापाच्या जागी नवरा. पहिलीच्या हजेरीपासून रेशनकार्डापर्यंत मी हेच बघितलं होतं. नाव असं असतं, एवढंच मला ठाऊक होतं. जगात दुसरी सोय असेल अशी शंकासुद्धा आली नव्हती. मी त्या बाईला नवऱ्याचं नाव विचारलं, तिने ते सांगितलं, आणि मी ते त्याच्या जागेवर नेऊन बसवलं.

पत्रात साधारण असं होतं, की अर्जदाराने अर्जात दिलेलं नाव कुठल्याही कागदाशी जुळत नाही. अर्जदाराने दुसरं नाव किंवा दुसरी ओळख वापरली आहे का? सात दिवसांत खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसेल तर खोटी माहिती दिल्याबद्दल पाच वर्षं बंदी येऊ शकते.

“सात दिवस,” सर म्हणाले आणि येरझाऱ्या घालू लागले. आमचं ऑफिस तीन पावलांचं होतं, त्यामुळे येरझाऱ्यांत वळणंच जास्त झाली. “घाबरायचं नाही. काय करायचं, एक अॅफिडेव्हिट करून घ्यायचं. इदोंगेसित एफिओंग आणि इदोंगेसित उबोंग एफिओंग या एक आणि एकच व्यक्ती आहेत. विषय संपला. आपण इथं आठवड्याला चार करतो.”

“सर,” रोहिणीताई म्हणाल्या, “व्हिसा ऑफिसरने विचारलंय, दुसरं नाव वापरलंत का. तुम्ही तिला ‘हो’ म्हणायला सांगताय.”

“मग टायपिंगची चूक म्हणा.”

“टायपिंगच्या चुकीत एक अक्षर इकडेतिकडे होतं. आख्खा नवरा येत नाही.”

सर वळले. “आवटी, तुम्ही जास्त विचार करू नका. मॅग्डम, फोन लाव. अॅफिडेव्हिट कर म्हणावं. आणि चूक आपली आहे हे बोलायचं नाही. चूक बोललास की ती विचारणार कोण, कुठून, कसं. मग आपण कुठून आहोत?”

“सांगलीतून,” मी म्हणालो.

“तेच तर बोलायचं नाही!”

मी फोन लावला. सर समोर उभे राहून हातवारे करत होते. इदोंगेसित जिन्यात आली, धापा टाकत. मी पत्र वाचून दाखवलं. मग अॅफिडेव्हिटचं सांगितलं. ती ऐकून घेत होती, आणि मग म्हणाली, “कोर्टात मी उद्या सकाळी जाऊन दुपारपर्यंत असला कागद आणेन. आमच्याकडे ते सोपं आहे. पण त्यात शपथ घ्यायची असते ना? की मी इदोंगेसित उबोंग आहे म्हणून?”

“फक्त कागदोपत्री.”

“मिस्टर मॅग्डम, चार वर्षांपूर्वी एका एजंटाने माझ्या नवऱ्याला सायप्रसला जायचा सल्ला दिला. सल्ला फार पक्का निघाला. तो अजून आलेला नाही. फोन नाही, पत्र नाही. दोन वर्षं मी वाट बघितली, मग बघणं बंद केलं. त्याच्या आईने माझ्या ताटवाट्या बाहेर ठेवल्या, तेव्हा मी माझ्या बापाच्या घरी आले. ज्या माणसाला मी एवढ्या कष्टाने बाहेर काढलं, तो माझ्या मधोमध जाऊन कसा बसला, एवढंच मला सांगा.”

सर मानेने ‘नाही नाही’ करत होते.

“आणि मी इस्पितळात राजीनामा दिलाय,” ती म्हणाली. “माझी ड्युटी दुसरीला दिली. एक तारखेपासून माझ्याकडे हा जिनासुद्धा नाही. पाच वर्षं म्हणजे मी एकोणचाळीस. देवाच्या कृपेने तेव्हाही जिवंत असेन, पण कॉलेज मला घेणार आहे का?”

मी म्हणालो, “मॅडम, मी थोड्या वेळाने करतो,” आणि फोन ठेवला.

मी खाली उतरलो. गिरणीवाल्याने “काय मगदूम, कॅनडा बंद का आज?” म्हणून विचारलं. मी चौकापर्यंत गेलो, परत आलो, परत गेलो. रसवंतीवाल्याने न मागता ग्लास पुढे केला, तो तसाच ठेवून निघालो. पायांना बसवत नव्हतं. तिसऱ्या फेरीला बसस्टॉपच्या मागे उभं राहून माझ्या स्वतःच्या मोबाइलवरून तिला फोन लावला. सगळा बॅलन्स त्यात जाणार हे माहीत होतं, म्हणून भरभर बोललो.

“मॅडम, ती चूक माझी आहे. आमच्याकडे मधे नवऱ्याचं नाव लावतात. मी न विचारता लावलं. दुसरं म्हणजे, मी टोरंटोत नाही. मी कॅनडा बघितलेला नाही. मी भारतात आहे, सांगली नावाच्या गावात. कानाचंही मला नक्की माहीत नाही.”

एक ट्रक गेला. मग पलीकडून हसण्याचा आवाज आला. खरंखुरं, पोटातून.

“मिस्टर मॅग्डम, तुमच्या टोरंटोत दर मंगळवारी आणि शुक्रवारी एक माणूस मोठ्याने ओरडत जातो. तो मासे विकतो का?”

“भंगार घेतो तो.”

“मला वाटलंच. बर्फात एवढं घसा फोडून कोण ओरडेल! मी बहिणीला म्हटलं होतं, हा मुलगा कॅनडात नाही. पण फॉर्म नीट भरतो.”

“नीट नाही भरला.”

“नाही,” ती म्हणाली. हसणं थांबलं होतं. “आता मला पुढचं सांगा. हे तुम्ही त्या ऑफिसरला सांगाल का? जसं मला सांगितलं तसं? तुमच्या नावानं, पत्त्यासकट?”

बॅलन्स संपला.

मी वर गेलो, सरांच्या समोर बसलो आणि म्हणालो की मी खरं पत्र लिहिणार आहे. सर म्हणाले, लिही, पण ते गेलं की गिरणीत काम बघ. “एका बाईसाठी तू आख्खं टोरंटो बुडवणार,” ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. टोरंटो त्यांनी मोठ्या मेहनतीने उभं केलं होतं.

पत्र लिहायला मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की नुसतं पत्र उपयोगाचं नाही. तिकडे बसलेला ऑफिसर म्हणणार, अशी रीत जगात कुठं आहे, पुरावा दाखवा. माझं आधारकार्ड होतंच, शीतल बाळगोंडा मगदूम. पण बापाचं नाव मधे असतं एवढंच त्यातून कळत होतं. बाईचं नाव लग्नानंतर बदलतं, आणि मधला माणूस बदलतो, हे दाखवायला लग्नाआधीचा आणि नंतरचा असे एकाच बाईचे दोन कागद लागणार होते.

आईला मागितले. तिचा शाळेचा दाखला दोन हजार पाचच्या पुरात गेला होता. “पण तुला कशाला हवाय?” तिने विचारलं. मी म्हटलं, नायजेरियातल्या एका बाईसाठी. आई जवळ सरकली आणि हळूच म्हणाली, “जैन आहे का?” शेजारच्या काकूंनी कागद द्यायचं कबूल केलं, आणि संध्याकाळी काकांनी येऊन सांगितलं की बायकोचे कागद परदेशात पाठवणार नाही, तिकडे त्यावर कुणीतरी कर्ज काढेल. चार दिवस उरले होते. मग तीन.

पाचव्या दिवशी दुपारी सर बँकेत गेले, तेव्हा रोहिणीताईंनी खालच्या खणातून एक निळी प्लास्टिकची पिशवी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

“हे घे. बघ चालतंय का.”

वर दहावीची गुणपत्रिका होती. रोहिणी भालचंद्र चिपरे. त्याखाली विवाहनोंदणीचा दाखला. रोहिणी विलास आवटी. हेच पाहिजे होतं. मी “ताई, तुमचे उपकार” वगैरे म्हणायला लागलो, तर त्या म्हणाल्या, “अजून एक आहे.”

खाली शासनाचं राजपत्र होतं, बारीक अक्षरात शेकडो नावं छापलेली. एका ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. जुने नाव, रोहिणी विलास आवटी. नवे नाव, रोहिणी भालचंद्र चिपरे. कारण, घटस्फोट. तारीख तीन वर्षांपूर्वीची.

मी मंगळसूत्राकडे बघितलं. बघायला नको होतं, पण बघितलं.

“मला वाटलं, दोनच लागतील,” मी म्हणालो.

“तो ऑफिसर विचारेल, एकदा बसवलेला माणूस तुमच्याकडे निघतो कसा. म्हणून तिसरा.” त्यांनी स्टेपलर उचलला. “फोटोकॉपी खालच्या दुकानात नको काढू. स्टेशनजवळ काढ.”

“ताई, मग ऑफिसात अजून आवटी का...”

“कोण विचारत बसणार सगळ्यांना, बाई असं झालं, बाई तसं झालं. आवटी म्हटलं की पुढं कुणी बोलत नाही.” मग जराशाने, “अर्ज करताना त्या क्लार्कने विचारलं, मधे कुणाचं घालू? मी म्हटलं, कुणाचं नको. तो म्हणाला, असा रकाना नाही, बाई. मग परत वडिलांचं घातलं. वडील तेव्हा जाऊन अकरा वर्षं झाली होती.”

त्या संध्याकाळी मी पत्र पूर्ण केलं. ते इंग्रजीत होतं, पण मराठीत साधारण असं होईल:

‘महोदय, मी शीतल बाळगोंडा मगदूम, राहणार सांगली, भारत. श्रीमती एफिओंग यांचा अर्ज मी भरला. आमच्या राज्यात माणसाच्या नावात मधे बापाचं आणि विवाहित बाईच्या नावात मधे नवऱ्याचं नाव लिहितात. बाईचं नाव लिहायला घेतलं की आमचा हात आपोआप नवऱ्याच्या नावाकडे जातो. यात बाईचा दोष नसतो. बहुतेक वेळा तिला विचारलेलंही नसतं. श्रीमती एफिओंग यांनी उबोंग हे नाव कधीही वापरलेलं नाही. ते मी वापरलं. सोबत एकाच स्त्रीचे तीन कागद जोडले आहेत. त्यांवर तीन वेळा नाव आहे आणि बाई प्रत्येक वेळी तीच आहे. कृपया बंदी घालायची असल्यास माझ्यावर घालावी. माझ्याकडे पासपोर्ट नसल्याने मला अडचण नाही.’

शेवटचं वाक्य रोहिणीताईंनी काढायला लावलं. इदोंगेसितला मी ते फोनवर वाचून दाखवलं, तर ती म्हणाली, ते राहू द्या, ते वाचून तो माणूस हसेल. शेवटी राहिलं. सहाव्या दिवशी तिच्या परवानगीने तिच्या खात्यातून सगळं अपलोड केलं. सरांनी ते बघितलं, पत्राच्या तळाशी सांगलीचा पिनकोड वाचला, जोडलेले कागद न उघडताच लॅपटॉप बंद केला आणि मला जायला सांगितलं.

मी चुलत्यांच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायला लागलो. गिऱ्हाईक खिळे मागायचं आणि मी मोबाइलकडे बघत त्याला स्क्रू द्यायचो. आठ दिवस गेले, पंधरा गेले. इदोंगेसितचा रोज एक मेसेज यायचा, “काही?” मी लिहायचो, “काही नाही.” ऑगस्टच्या वीस तारखेनंतर तिने विचारणं बंद केलं. ते जास्त वाईट होतं. कॉलेज सुरू व्हायला बारा दिवस उरले होते. मी रात्री जेवताना पानावर मीठ वाढून घ्यायचो आणि परत वाढून घ्यायचो. आईने एकदा घाबरत विचारलंच, “त्या मुलीनं नाही म्हटलं का?”

तेवीस तारखेला दुपारी ती फोनवर ओरडली. शब्द कळेनात. मागे आणखी पाच-सहा बायका ओरडत होत्या. मग कुणीतरी गायला लागलं. एवढ्या गोंगाटात ती मला एकच वाक्य तीन वेळा सांगत होती: “फक्त माझं नाव आहे! त्यावर फक्त माझं नाव आहे!” मी दुकानात उभा राहून एका गिऱ्हाइकाला पावशेर खिळे फुकट दिले.

दोन दिवसांनी रोहिणीताईंचा फोन.

“शीतल, फ्लेक्सवाल्याकडून पांढरा स्टिकर घेऊन ये. हातभर. लगेच.”

मी पोचलो, तर गिरणीच्या वर, आख्ख्या दर्शनी भिंतीभर फ्लेक्स लागला होता. ‘हार्दिक अभिनंदन!’ एका बाजूला गॉगल लावलेले शिधये सर, मागे टोरंटोतली ती इमारत, मधे इदोंगेसितचा पासपोर्टवरचा फोटो, आणि खाली फूटभर अक्षरांत: सौ. इदोंगेसित उबोंग एफिओंग.

“जुन्या फाइलमधून उचललं,” रोहिणीताई म्हणाल्या. “चार वाजता फोटो काढून फेसबुकवर टाकणार आहेत. तो ऑफिसर बघेल की नाही देव जाणे. ती मात्र बघेल.”

पावणेचार झाले होते. गिरणीवाल्याने स्टूल दिलं. मी चढतो म्हणालो, पण त्यांनी पदर खोचला आणि स्वतः चढल्या. आधी ‘सौ.’ झाकलं. मग स्टिकरची दुसरी पट्टी सोलून उबोंगवर एका टोकाकडून चिकटवत निघाल्या, तळहाताने दाबत, हवा राहू नये म्हणून. दळण घेऊन आलेल्या चार बायका थांबून बघायला लागल्या. एकीने विचारलं, “काय खोडताय हो?” दुसरी म्हणाली, “मेला असेल.” “मेला नाही,” मी म्हणालो, “सायप्रसला आहे.” दोघींनीही समजल्यासारखी मान हलवली.

तेवढ्यात सर जिन्यावरून धावत खाली आले, हातात कॅमेरा.

“अहो आवटी! काय चाललंय? मधे एवढी मोकळी जागा कसली दिसते ती! काहीतरी निखळून पडल्यासारखं वाटतंय!”

“सवय होते, सर,” रोहिणीताई वरून म्हणाल्या. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. शेवटचं अक्षर अजून उघडं होतं, त्यावर त्या अंगठ्याने पट्टी दाबत होत्या. “आणि आवटी नाही. चिपरे.”

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी फ्लेक्सकडे बघितलं. त्यांना बरंच काही विचारायचं होतं, तोंड तसं उघडलंही होतं. पण ताई टाचा उंचावून पुढे वाकल्या, स्टूल एका पायावर कललं, आणि सरांनी कॅमेरा माझ्या हातात कोंबून दोन्ही हातांनी स्टूल धरलं.